युजर्सना डिनाय

आमच्या घराला भिंती नव्हत्या. मेंढरं, दोन घोडी, तीन कुत्री, डालग्यातल्या कोंबड्या आणि त्यांच्या मागनं चालणारी माणसं, एवढं सगळं मिळून आमचं घर. दिवाळी सरली की घोडीवर बिऱ्हाड लादायचं आणि भीमेच्या काठाकाठानं फिरायचं. ज्याच्या रानातलं पीक निघालंय त्याच्या रानात मेंढरं बसवायची. मेंढरं बसली की रानाला लेंडीखत मिळतं, त्या बदल्यात शेतकरी पायलीभर धान्य देतो. मेंढरांच्या भोवती सुताचं जाळं लावतात, त्याला वाघर म्हणतात. वाघरीच्या आत मेंढरं, बाहेर आम्ही, वर आभाळ. पाऊस आला तर आईचं लुगडं आमच्या डोक्यावर आणि आई तशीच.

हे मी कुणाची कीव यावी म्हणून सांगत नाही. पुढं जे झालं ते कळायला एवढं लागतं म्हणून सांगतेय.

मी सहा-सात वर्षांची असताना वढू बुद्रुकच्या अलीकडं एका रानात आम्ही उतरलो. रान दोघा भावांचं. थोरल्यानं आप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, स्वतः बोलावलं होतं. बसवा की, रान मोकळंच हाय, असं तो बांधावर उभा राहून म्हणाला होता. सकाळी आई चुलीवर भाकरी टाकत होती तेव्हा धाकटा मोटरसायकलवर आला. मागं दोन गडी. कुणी सांगितलं म्हणून विचारलं. आप्पांनी थोरल्याचं नाव घेतलं. त्यानं गड्याच्या हातातला विळा घेतला आणि वाघर सरळ एका टोकापासून फाडत गेला. मेंढरं उधळली. चुलीवरचा तवा त्यानं पायानं उडवला. आदल्या दिवशी जन्मलेलं कोकरू वाटेत बसलं होतं. ते त्याला दिसलं होतं. दिसलं होतं हे मी खात्रीनं सांगते, कारण गाडी फिरवताना त्यानं खाली बघितलं आणि मग त्याच्यावरनं फिरवली.

थोरला बांधावरच होता. त्यानं सगळं बघितलं आणि पाण्याची बारी आलीय म्हणून विहिरीकडं निघून गेला.

आप्पांनी हात जोडले. म्हणाले, "चुकलं मालक."

काय चुकलं होतं? आई राखेतलं पीठ वेचत होती आणि आप्पा चुकलं चुकलं म्हणत होते. वाटंला लागल्यावर त्यांनी आम्हा भावंडांना एक गोष्ट सांगितली. ती त्यांनी पुढं शंभरदा सांगितली असेल. "रानात ये म्हणणारं किती हायती ते बघायचं न्हाई. नगं म्हणणारा कोण हाय का, ते आधी इचारायचं. धाजणांनी ये म्हणलं आन् एकानं नगं म्हणलं, तर त्या एकाचंच चालतं."

त्या सालानंतर मला खुटबावला आत्याच्या घरी ठेवलं. शाळेसाठी नव्हे. आत्याला मूलबाळ नव्हतं आणि शेणाला-पाण्याला कुणीतरी हवं होतं. शाळा जवळ होती म्हणून मी जात राहिले, एवढंच. पुढं दौंडच्या कॉलेजात गेले. खुटबाव स्टेशनावरनं शटलनं जायचं, शटलनं यायचं. कॉम्प्युटरची बीएस्सी केली, पहिल्या वर्गात. आमच्या कुळात माझ्याआधी दहावीही कुणी पास नव्हतं. आत्या मात्र माझ्या निकालाच्या दिवशी म्हणाली की एवढं शिकून शेण काढायला लाज वाटंल आता तुला. मी म्हणाले, वाटंल. त्या दिवसापासून काढलं नाही.

तोवर आप्पांनी मेंढरं मोडून खुटबावात कॅनॉलच्या खालच्या अंगाला दोन खोल्या टाकल्या होत्या आणि चार गाई घेतल्या होत्या. थोरला भाऊ सणसवाडीला कंपनीत, कंत्राटदाराच्या हाताखाली, पॅकिंगच्या लाईनीवर. बारा तास उभं राहून खोके चिकटवायचे. त्यानं माझ्यासाठीही लाईनीवर जागा बोलून ठेवली होती. घरात सगळ्यांना ते पटलं होतं. मला सोडून.

मला शिरूरला नोकरी लागली. दूध डेअऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करणारं छोटं ऑफिस, दुकानांच्या वरचे दोन गाळे. तीन महिने बघू, जमलं तर कायम करू, असं बोलणं होतं. घरचं बोलणंही तेवढंच: तीन महिने कर, कायम नाही झालीस तर पुढच्याच सोमवारी सणसवाडीची बस. भावानं मला उभं राहायला चांगले म्हणून जाड तळव्याचे बूट आणून ठेवले. दाराजवळच ठेवले. रोज सकाळी चौफुल्यावर जीप धरायला निघताना मी ते ओलांडून जायची.

ऑफिसचे मालक बागायतदार घरातले, तालुक्यातल्या निम्म्या संस्थांत त्यांचं कुणी ना कुणी नात्यातलं. सगळे त्यांना दादा म्हणायचे, मीही म्हणायचे. माणूस हुशार. डेअरीत वजनाचा काटा, दुधाचं फॅट मोजणारं मशीन आणि कॉम्प्युटर एकमेकांना जोडायची गरज त्यांनी लवकर ओळखली होती. पण समोरच्याला खाली दाबल्याशिवाय त्यांचा चहा पचायचा नाही. गिऱ्हाईक आलं की माझ्याकडं बोट करून सांगायचे, "ही आमची मेंढरंवाली. आता कॉम्प्युटर वळती." गिऱ्हाईक हसायचं. पहिल्या दिवशी ऑफिसातले बाकीचे माझ्या तोंडाकडं बघत होते, मी हसते का म्हणून. मी हसले नाही. मग ते वाक्य रोजचं झालं.

दादांचा एक भाचा होता, पुण्याच्या महागड्या कॉलेजातला इंजिनियर. खुर्ची त्याची चाकांची, माझी प्लास्टिकची, इन्व्हर्टरच्या शेजारी. मी डबा उघडला की तो खिडकी उघडायचा. लोकरीचा वास येतो म्हणायचा. आमच्या घरात तेव्हा मेंढरू राहिलं नव्हतं. मी त्याला तसं सांगितलं नाही. सांगायची गरज वाटली नाही.

आता कामाचं सांगते. एखादं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर बसवायचं तर आधी एक फाइल चालवावी लागते, तिला इन्स्टॉलर म्हणतात. ती सॉफ्टवेअर जागच्या जागी ठेवते आणि विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, त्याच्यासाठी एक कप्पा उघडते. काटा कुठल्या पोर्टला जोडलाय, फॅट मशीनला करेक्शन किती द्यायचं, म्हणजे मशीननं दाखवलेल्या फॅटमधे किती कमी-जास्त धरायचं, कुठलं दरपत्रक चालू आहे, हे सॉफ्टवेअर त्या कप्प्यात लिहून ठेवतं आणि तिथनंच वाचतं. त्या कप्प्यात कुणी लिहायचं आणि कुणी नुसतं वाचायचं, त्या परमिशन इन्स्टॉलरनं द्यायच्या असतात. मी ऑफिसात आले तेव्हाच्या इन्स्टॉलरनं सगळ्यांना सगळं देऊन टाकलं होतं. दार सताड उघडं.

त्याचं कारण आमच्याकडची रीत. डेअरीच्या कॉम्प्युटरचा मुख्य पासवर्ड, ॲडमिनचा, तो सेक्रेटरी कुणाला देत नाही. तो मानाचा असतो. सकाळ-संध्याकाळ दूध घेणारा ऑपरेटर साध्या युजरच्या लॉगिननं बसतो. लाईट जाऊन आली की काट्याचा पोर्ट बदलतो, आणि साध्या युजरला तो बदलायची परमिशन नसली की रांग थांबते. सेक्रेटरी तेव्हा कुठल्यातरी लग्नात नाहीतर सभेत. म्हणून दादांनी सगळ्यांना सगळं देऊन टाकलं होतं.

मग एका गावात ऑपरेटरनं ज्याच्याशी त्याचं बांधाचं भांडण होतं त्याचं दूध आलं की करेक्शन हळूच खाली ओढायचं आणि तो गेला की वर करायचं असं चालवलं. उघडकीला आल्यावर डेअरीतच मारामारी झाली, फॅट मशीन फुटलं. दादांनी मला आणि भाच्याला समोर बसवलं आणि म्हणाले की आता असं कुलूप लावा की ऑपरेटरच्या बापाला उघडता येऊ नये.

मी सांगितलं, कप्पे दोन करू. पोर्टचा कप्पा वेगळा, त्यात ऑपरेटरला लिहू द्यायचं. करेक्शन आणि दरपत्रकाचा कप्पा वेगळा, त्यात ॲडमिन लिहील, ऑपरेटर नुसतं वाचेल. कुणाला नको म्हणायचीही गरज नाही. दिलं नाही की झालं.

भाचा म्हणाला, दोन कप्पे केले तर सॉफ्टवेअरमधे शंभर ठिकाणी बदल करावे लागतील, कोण बसणार करत? त्यापेक्षा इन्स्टॉलरमधे एक ओळ टाकू. युजर्सना लिहायला डिनाय. डिनाय म्हणजे साफ नकार. पोर्ट बदलला तर सेक्रेटरीला बोलावून घेतील, काय मरत नाहीत.

मी म्हणाले, विंडोजमधे ॲडमिन हा युजर्समधेच मोजला जातो. आणि विंडोज आधी नकार बघतं. ॲडमिनला सगळं दिलेलं असलं तरी युजर्सना डिनाय असेल तर तो डिनाय ॲडमिनलाही लागतो. मला हे पुस्तकात पहिल्यांदा वाचलं तेव्हाच कळलं होतं. दुसऱ्यांदा वाचावं लागलं नव्हतं. धाजणांनी ये म्हणलं आणि एकानं नगं म्हणलं, एवढंच तर होतं ते.

दादा हसले. "पोरी, ॲडमिन म्हंजी मालक. मालकाला त्याच्याच रानात कोण आडवतंय?"

हे फक्त जमीनवालाच म्हणू शकतो. ज्याला कधी कुठल्या रानातनं उठवलं नाही, त्याला हे सुचणारच नाही की बांधावरचा नकार मालकालाही लागू पडेल. मी म्हणाले, एकदा ॲडमिनच्या लॉगिननं लिहून बघा. भाच्यानं साध्या युजरनं लॉगिन केलं, करेक्शन बदलायला गेला, विंडोजनं नाही म्हटलं. त्यानं टाळी वाजवली. झालं टेस्टिंग. मी पुन्हा म्हणाले, ॲडमिननं बघा.

"तुला येक सांगतो," दादा म्हणाले. "तुझ्या बापाला आमच्या पाव्हण्यांनी बांधावर उभं ऱ्हाऊ दिलं, म्हणून तू आज हितं बसलीस. बसायला दिलंय तर बसावं. शिकवू नये."

ऑफिसात तेव्हा चौघं होते. सगळे आपापल्या स्क्रीनमधे बघायला लागले.

तो इन्स्टॉलर सगळ्या डेअऱ्यांवर गेला. पेनड्राइव्हवर घालायचं काम माझंच होतं. बसवल्यावर काही बिघडलं नाही, कारण महिन्याच्या मधे करेक्शन आणि दर कुणी बदलत नाही. पोर्ट दोन-तीन ठिकाणी बदलला, तिथं कॉम्प्युटर बंद-चालू करून भागलं. पण एक तारखेला नवं दरपत्रक येतं. सेक्रेटरीनं आपल्या लॉगिननं ते भरल्याशिवाय दूध घ्यायचा स्क्रीनच उघडत नाही, अशी सोय दादांनी स्वतः करून घेतली होती, जुन्या दरानं कुणी दूध घेऊ नये म्हणून. म्हणजे एक तारखेला सकाळी सगळ्या डेअऱ्या बंद पडणार. हे मला माहीत होतं. मी ते दादांना महिना संपायच्या आधी परत एकदा सांगितलं. भाच्यानं बें-बें असा आवाज काढला. ऑफिस हसलं.

मग मी सांगणं बंद केलं. माझे तीन महिने एक तारखेनंतर आठ-दहा दिवसांत भरणार होते. घरी बसून मी दोन कप्प्यांचं सॉफ्टवेअर लिहिलं, त्या शंभर ठिकाणच्या बदलांसकट, आणि त्याचा इन्स्टॉलर केला. तो आधी जुन्या कप्प्यावरचा डिनाय काढतो, मग नवे कप्पे करून ज्याला त्याला लागेल तेवढंच देतो. आत्याच्या शेजारच्या मास्तरांच्या जुन्या कॉम्प्युटरवर दोन्ही लॉगिननं तपासला. पेनड्राइव्ह ओढणीच्या टोकाला गाठ मारून ठेवला आणि एक तारखेची वाट बघितली.

उन्हाळा होता. एक तारखेला सकाळी आप्पा धार काढून कॅन सायकलला अडकवत होते. त्यांनी विचारलं, आज नवा दर हाय ना, चालंल ना तुमचं मशीन? मी म्हणाले, बघू. ते गेले. आप्पांचा नंबर नेहमी पहिल्या पाचात असतो, माणसं यायच्या आत ते जाऊन उभे राहतात. डेअरी आमच्या घरापासनं हाकेच्या अंतरावर. मी चहा प्याले, वेणी घातली आणि फोन समोर ठेवून बसले.

फोन आला तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. सगळीकडच्या डेअऱ्या अडकल्या होत्या, पण खुटबावचे सेक्रेटरी तालुक्याच्या दूध संघावरचे, आणि दादांचे व्याही. म्हणून दादा भाच्याला घेऊन पहिल्यांदा खुटबावलाच आले होते. मला फोनवर म्हणाले, आत्ताच्या आत्ता डेअरीवर ये.

डेअरीपुढं रांग रस्त्यापर्यंत. कॅन उन्हात. टँकरवाला बिहारी ड्रायव्हर टायरवर पाय ठेवून विडी ओढत होता. हातानं लिहून दूध घ्यायला सेक्रेटरी तयार नव्हते. हातच्या आकड्यांवरनंच पूर्वी डोकी फुटली होती, म्हणून तर कॉम्प्युटर आला होता. भाचा आत ॲडमिनच्या लॉगिननं बसून घाम पुसत होता आणि विंडोज त्याला नाही म्हणत होतं. त्यानं काय काय करून बघितलं ते स्क्रीनवर दिसत होतं. रजिस्ट्रीत चुकीच्याच जागी शोधत होता.

दादा मला बघून दारात आले. आवाज रस्त्यापर्यंत जाईल असा लावला. म्हणाले, हीच ती, हिनंच पेनड्राइव्ह भरले, तुमच्याच गावाची पोरगी, तुमचं दूध हिच्यामुळं आडलंय. मग मला म्हणाले, "सांग सगळ्यांना, माझ्याकडनं चुकलं म्हणून. आन् बस दुरुस्त करायला."

रांगेतनं कुणीतरी म्हणालं की मेंढरंवाल्यांच्या हातात मशीन दिल्यावर असंच व्हायचं. हसले चार जण. त्यात मी शाळेत ज्यांच्या शेजारी बसले होते तेही होते.

आप्पा रांगेत पुढंच होते. मला वाटलं ते खाली बघतील. त्यांनी खाली बघितलं असतं तर मी तेही सोसलं असतं. ते रांग सोडून पुढं आले आणि दादांपुढं हात जोडले.

"दादा, चुकली आसंल पोर. काढून टाका तिला कामावरनं. पर आमच्यावर राग धरू नगा."

वढूच्या रानातला आवाज, तोच. एवढ्या वर्षांत त्यात काही बदल झाला नव्हता.

मी डेअरीच्या ओट्यावर बसले. ओढणीची गाठ सोडली, पेनड्राइव्ह मुठीत धरला आणि म्हणाले, "दुरुस्ती ह्यात हाय. दोन मिनिटांचं काम. चूक कुणाची ते दादांनी आधी सांगावं, मग लावते."

मग गलका सुरू झाला. एकजण म्हणाला, घ्या हिसकावून. सेक्रेटरी म्हणाले, घेऊन लावणार कोण, तुम्ही? भाचा आतनं बघत होता. बायका मला शिव्या द्यायला लागल्या, दूध नासतंय, लेकराबाळांचं खातीस का म्हणून. त्यांचं खरं होतं. मी उठले नाही. टँकरवाल्यानं विडी विझवली आणि म्हणाला, "मॅडम, मैं निकल रहा हूँ, मेरा भी टाइम है." त्यानं गाडी चालू केली.

दादा म्हणाले, बरं, ऑफिसची चूक झाली म्हणून धर.

मी म्हणाले, ऑफिसात कुणाची?

आप्पा माझ्यापुढं येऊन उभे राहिले. त्यांच्या कॅनचं झाकण उघडं होतं. त्यांनी मला उठ म्हणून खूण केली. मी त्यांच्याकडं न बघता दादांकडं बघत राहिले. सेक्रेटरींना त्यांच्या संघातल्या उद्याच्या बैठकीची काळजी लागली होती, दूध परत गेलं तर जाब त्यांना द्यावा लागणार. तेच शेवटी व्याह्यावर उखडले. "सांगून टाका की ओ. तुमच्या इज्जतीपायी गावाचं दूध वतून द्यायचं का?"

"भाच्यानं टाकली ती ओळ," दादा म्हणाले.

"हुकूम कुणाचा होता?" मी विचारलं.

ते माझ्याकडं बघत होते. त्या नजरेत पुढचं सगळं लिहिलेलं मला वाचता येत होतं. नोकरी गेली होती, ती त्याच क्षणी गेली.

"माझा," ते म्हणाले. हळू म्हणाले, पण पुढच्या रांगेला ऐकू गेलं.

मी आत गेले, भाच्याला खुर्चीवरनं उठवलं आणि पेनड्राइव्ह लावला. सेक्रेटरींनी दर भरला, स्क्रीन उघडला, काट्याचा लाल आकडा हलला. टँकर थांबला. ज्यांचं दूध उशिरा आलं होतं त्यांचं चांगलं निघालं. जे भल्या सकाळी येऊन पुढं उभे होते, त्यांचं फाटलं होतं. आप्पांच्या कॅनला ऑपरेटरनं नाक लावलं आणि कॅन बाजूला सरकवला.

आप्पा तो कॅन सायकलला अडकवून घरी घेऊन गेले. मी मागनं चालत गेले. दारात त्यांनी दूध गव्हाणीमागच्या खड्ड्यात ओतलं. आई बघत होती. ते म्हणाले, "चुकलं म्हणली आसतीस तर काय झालं आसतं?"

मी म्हणाले, "तुम्ही जलमभर म्हणलात. काय झालं?"

त्यानंतर ते माझ्याशी पावसाळा लागेपर्यंत बोलले नाहीत. लागला तेव्हा बोलले तेही गाईच्या औषधाचं. मी तेव्हा बोलले त्यातला एकही शब्द मला परत घ्यावासा वाटलेला नाही.

दादांनी मला त्या दिवशी काढलं नाही. बाकीच्या डेअऱ्या अजून अडकल्या होत्या, हातानं लिहून कसंतरी दूध घेत होत्या, आणि पेनड्राइव्ह माझ्याकडं होता. त्यांनी मला गाडी दिली, ड्रायव्हर दिला. न्हावरं, पारगाव, केडगाव, मी त्या आठवड्यात सगळीकडं फिरले, प्रत्येक सेक्रेटरीच्या शेजारी बसून त्यांच्या लॉगिननं लिहून दाखवलं, ऑपरेटरच्या लॉगिननं अडतं ते दाखवलं. चूक कुणाची, हे मी कुठं सांगितलं नाही. खुटबावची बातमी माझ्या गाडीच्या आधी पोचत होती. शेवटची डेअरी चालू झाली त्या संध्याकाळी दादांचा फोन आला की उद्यापासनं येऊ नको. तीन महिने पुरे व्हायला दोन दिवस होते.

भावानं बूट माझ्या पायापुढं आणून ठेवले. म्हणाला, आता तरी घाल. लाईनीवर शिकलेल्यांना वेगळं उभं करत नाहीत, तेवढं ध्यानात ठेव. आत्या म्हणाली, शेण काढायची लाज वाटत होती ना. मी बूट उचलून त्याच्या पिशवीत घातले. तो ते परत सणसवाडीला घेऊन गेला आणि कुणाला तरी दिले.

वर्षभर मी घरात बसून लिहिलं. मास्तरांचा कॉम्प्युटर मी सांभाळायला म्हणून घरी आणला होता, तो परत मागितला तेव्हा दिला आणि दुसरा मिळेपर्यंत कागदावर लिहिलं. आई जेवायला वाढताना ताट आपटायची. मी माझं सॉफ्टवेअर पहिल्या ओळीपासून नवीन लिहिलं, दादांच्यातलं त्यात काही घेतलं नाही. इन्स्टॉलर सगळ्यांत आधी लिहिला.

पहिला फोन खुटबावच्या सेक्रेटरींचाच आला. त्यांना मी आवडत होते असं नाही. फोनवर नमस्कारही केला नाही. म्हणाले की भाच्यानं नवीन काहीतरी बसवल्यापासनं व्याह्यांचं मशीन सारखं आडतंय, तो फोन उचलत नाही, तुझ्याकडं काय हाय ते घेऊन ये. गेले. दाराशी तीच रांग. ज्यांनी शिव्या दिल्या होत्या त्या बायकांनी सरकून वाट दिली. आप्पाही रांगेत होते. ते दुसरीकडं बघत होते.

दादांचं ऑफिस पुढं बंद झालं. भाच्यानं एकदा मला फोन केला होता. दुसऱ्या नोकरीत कुणीतरी त्याला कप्पे वेगळे करायला सांगितले होते, आणि परमिशन कशा द्यायच्या ते त्याला जमत नव्हतं. ताई म्हणाला. मी त्याचं सगळं बोलणं ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही. मग म्हणाले की ॲडमिन मालक असतो, मालकाला कोण आडवतंय, आणि फोन ठेवला.

आज खुटबावच्या डेअरीत आणि दौंड-शिरूर दोन्ही तालुक्यांतल्या बऱ्याच डेअऱ्यांत मी लिहिलेलं सॉफ्टवेअर चालतं. केडगावात माझं ऑफिस आहे, तिघंजण कामाला आहेत. इन्स्टॉलर मी अजून कुणाला लिहू देत नाही, तो मीच लिहिते. तो चालू केला की पहिल्या स्क्रीनवर माझं पूर्ण नाव येतं आणि त्याच्या खाली माझी पदवी.